बेस्तरवारचा डोह

आमच्या घरमालकिणीला मासा केवढा आहे हे वजनावरून कळत नसे, बांगडीवरून कळे. तिच्या कनवटीला एक हिरवी काचेची बांगडी बांधलेली असायची. गळाला काही लागलं की आधी ती त्याला बांगडीतून सरकवून बघायची. सरकला, तर "जा बाबा, आईला सांग आत्ती भेटली हुती" म्हणून पुन्हा पाण्यात. अडकला, तर बुट्टीत. विधवा बाईने हिरवी बांगडी बाळगावी यावरून गावात मागे बरीच कुजबुज झाली होती म्हणे. तेव्हा ती भर दुपारी पारावर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "हातात नगं म्हनता, तर न्हाई घातली हातात. कनवटीला असली तर कुनाच्या पोटात दुखतंय? आन ही माझी न्हवंच. माशांची हाय."

त्यानंतर कुजबुज थांबली. माशांच्या बांगडीला काय नाव ठेवणार?

सगळं गाव तिला आत्ती म्हणायचं, म्हणून मीही म्हणू लागलो. मी माणदेशातला. चौथीनंतर शाळा सुटली, मेंढरांमागे हिंडलो, मग ओळखीतल्या एकाने पलूसच्या पुढे कृष्णाकाठच्या एका बागायतदाराकडे तेलाच्या इंजिनावर चिकटवून दिलं. विशीही झाली नव्हती. आमच्याकडे नदी म्हणजे वाळूचा रस्ता. त्यातून बैलगाड्या जातात. इथली नदी बारा महिने भरलेली, हलती, आणि माझं इंजिन तिच्या अगदी तोंडाशी. मला दोन गोष्टींची भीती वाटायची. एक, इंजिन बंद पडेल आणि मालक मला हाकलून देईल. लढाईचे दिवस, तेल रेशनवर, इंजिन खोकलं तरी मी जेवणावरून उठून धावायचो. दुसरी भीती पाण्याची.

आत्तीच्या घराची बाजूची खोली मला मिळाली होती. मी नदीवरून येताना काठापासून चार हात लांबून चालतो हे तिने पहिल्याच आठवड्यात हेरलं.

"काय रं, पान्यात पडशील म्हनून भितूस, का पानी निघून जाईल म्हनून भितूस?"

मी विचार केला आणि खरं तेच सांगितलं. "दोन्हीबी."

ती इतकी हसली की शेजारच्या गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

आत्तीचा दादला फौजेत होता, तिकडेच कुठेतरी गेला. पेन्शन यायची, थोडी जमीन वाट्याने दिली होती, आणि उरलेला सगळा वेळ तिने नदीला दिला होता. मासे धरायला निघाली असं ती कधी म्हणायची नाही. "पाव्हनं बघून येतो" म्हणायची. आल्यावर कुणी विचारलं, "किती घावलं आत्ती?" तर तिचा ठरलेला जबाब, "पोटाला पुरलं." आकडा सांगणाऱ्या माणसाची तिला चीड. गावातल्या एकाने एकदा हात पसरून आपल्या माशाची लांबी दाखवली, तर ती म्हणाली, "व्हय, आन त्येचं तोंड तुझ्यावानीच हुतं का?"

मरळीचा तिला विशेष लळा. मरळ पिलं घातली की त्यांच्या भोवती फिरत राहते. वरून बघितलं तर पाण्यात लालभडक पिलांचा घोळका दिसतो, कुंकू सांडल्यासारखा, आणि त्याच्या खाली आईची काळी पाठ. अशा मरळीला धरणं फार सोपं, कारण ती पळत नाही. आत्ती तिला लेकुरवाळी म्हणायची. "तिला धरनारा मानूस एक मासा खात न्हाई, आख्खं गाव खातो," असं म्हणून ती कानाला हात लावायची.

डोहाच्या तळाशी तिने बाभळीच्या काटेरी फांद्या दगड बांधून बुडवल्या होत्या. एकदा मोठं जाळं घेऊन परगावचे लोक आले, तर तिने स्वतः त्यांना वाट दाखवली, घागरभर ताक पाजलं आणि काठावर बसून राहिली. जाळ्याच्या चिंध्या झाल्या. "आरारा," ती म्हणाली, "हितलं मासं लय दातरं हायत बगा."

आणि ठिकाणं. नदीच्या कुठल्या वळणात, कुठल्या झाडाखाली काय सापडतं, हे तिचं धन होतं. लोक लग्नात भांडी देतात, आत्ती ठिकाणं द्यायची. शेजारची पोर नदीच्या खालच्या अंगाला एका गावी दिली. पाठवणीला मुलगी ऊर फोडून रडत होती. आत्ती पुढे झाली, तिच्या कानाला लागून काहीतरी पुटपुटली. मुलगी रडायची थांबली, डोळे पुसले आणि विचारलं, "गांडूळ लावायचं का कणीक?" वऱ्हाडाला काही कळेना.

मला माझं ठिकाण मिळालं ते असंच. मालकाच्या पाण्याची पाळी गुरुवारी, गावच्या बोलीत बेस्तरवारी, दुसऱ्या मळ्याकडे असायची, म्हणून त्या दिवशी माझं इंजिन बंद. इतर दिवशी मला हलता येत नसे. अशाच एका गुरुवारी आत्ती म्हणाली, "चल." इंजिनाच्या खोलीमागून बाभळीतून ती तरातरा उतरली, मी धडपडत तिच्या मागे. खाली खडकाच्या आडोशाला एक डोह होता. वर करंजाचं झाड वाकलेलं. पाणी तिथे वाहतंय की विचार करतंय कळू नये, इतकं शांत.

"कान हिकडं कर," ती म्हणाली. हाकेच्या अंतरावर माणूस नव्हतं, तरी ती कानातच बोलली. "ह्यो डोह तुला दिला. कुनाला सांगू नगंस. बेस्तरवारीच यायचं. दुसऱ्या वारी ह्यो तुला वळख देनार न्हाई. बांगडीतनं जाईल त्येला जाऊ द्यायचं. लेकुरवाळीला हात लावायचा न्हाई. आन तव्यावर मावंल तेवढंच न्यायचं. तवा म्हनलं मी, परात न्हवं."

मग तिने एक हिरवी बांगडी माझ्या हातावर ठेवली. ती अजून माझ्या पेटीत आहे. काच असून इतकी वर्षं टिकली, ती माझ्या भित्रेपणामुळे.

"आन आत्ती, तुमी?"

"माझं गुडघं गेलं रं. आता ही उतरन झेपत न्हाई."

आत्ताच ती उतरण ती माझ्या आधी उतरली होती, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. पण मी डोहाकडे बघत होतो. परमुलखात माझं म्हणावं असं काहीच नव्हतं. अंथरुणसुद्धा तिचंच. आणि एकाएकी माझा एक डोह होता! त्यानंतर आठवडाभर इंजिन धडधडायचं आणि मी मनात म्हणायचो, चालू दे बाबा, बेस्तरवार येतोय.

मासे किती मिळाले ते सांगत नाही. पोटाला पुरले.

अशात एका रविवारी आबा आले. माझे वडील. खांद्यावर घोंगडं, आईने दिलेल्या बाजरीच्या भाकरी आणि हुलग्याची पुरचुंडी. भरलेल्या नदीकाठी बसून त्यांनी एका तांब्यात अंघोळ उरकली. सवय! मग माझे कपडे झटकून ठेवायला घेतले आणि बंडीच्या खिशातून ती बांगडी निघाली.

"ही कुनाची?"

कुणाला सांगू नगंस, असं आत्तीने कानात बजावलेलं. माझ्या तोंडून निघालं, "माशांची."

फिट आलेल्या मेंढराकडे बघावं तसं आबांनी माझ्याकडे बघितलं. मग उठले आणि माझं सामान माझ्याच घोंगड्यात बांधायला लागले. "उद्या सकाळी निघायचं. तुजी आई म्हनत हुती पोरगं एकलं हाय, वाया जाईल. मी म्हनलं न्हाई जायाचं."

मला काय करावं सुचेना. आत्ती असती तर चार शब्दांत निकाल लागला असता, पण ती बाळंतपणाला म्हणून शेजारच्या गावी गेलेली, सोमवारी सांजेला येणार. रात्रभर मला एकच दिसत होतं. मी पुन्हा मेंढरांमागे, वाळूच्या नदीत, आणि इथे माझं इंजिन दुसराच कुणी चालवतोय. सकाळी आबांनी बोचकं उचललं. मी म्हणालो, "आबा, येकडाव माझ्यासंगं चला. बांगडी कशाला लागती ती दावतो. मग म्हनशीला तर येतो." सांगायचं नाही म्हणाली होती, दाखवायचं नाही असं काही म्हणाली नव्हती, अशी मी मनाची समजूत घातली. इंजिन चालू करायला अजून तासभर अवकाश होता.

बाभळीतून आम्ही खाली उतरलो, आणि माझ्या डोहावर गावचा न्हावी बसला होता.

गळ टाकून, पाय पसरून, घरच्यासारखा.

"तू हितं काय करतूयास रं?" त्याने मलाच विचारलं.

"मी? ह्यो डोह माझा हाय."

"तुजा? कालचं पोर तू! थोरल्याचं जावळ काढलं त्या दिवशी आत्तीनं मला दिलाय ह्यो. कानात सांगितलंय! आन आज सोमवार हाय, माझा वार—"

तेवढ्यात त्याचा गळ ओढला गेला. भांडण तसंच टाकून त्याने मासा वर घेतला आणि हाताच्या सवयीने धोकटीतून, वस्तऱ्याच्या शेजारून, एक हिरवी बांगडी काढली. मासा तिच्यातून सरकवला. गेला. "जा बाबा, आईला सांग," तो म्हणाला, आणि मग आपण काय केलं हे त्याच्या लक्षात आलं.

आबांनी त्याच्या हातातल्या बांगडीकडे बघितलं. मग माझ्या हातातल्या. मग बोचकं खाली ठेवलं.

"ह्या गावात समदं बाप्यं बांगड्या भरत्यात व्हय रं?"

न्हाव्याला गुपित कळलं म्हणजे दुपारपर्यंत ते किती दाढ्यांवरून फिरलं असेल, विचारू नका. सांजेला इंजिन बंद करून आलो तर आत्तीच्या अंगणात माणसं जमलेली, आणि प्रत्येकाकडे बांगडी. न्हाव्याचा सोमवार. पेन्शनर सुभेदाराचा मंगळवार. त्याने बसऱ्याच्या लढाईच्या बिल्ल्याशेजारी बांगडी टाचून ठेवली होती. गुरवाचा बुधवार, पोस्टमनचा शुक्रवार, सुईणीचा शनिवार, शाळेच्या मास्तरांचा रविवार. प्रत्येकाला तिने डोहाची वाटही वेगळी दाखवली होती, कुणाला देवळामागून, कुणाला उसातून, कुणाला स्मशानाच्या कडेने. म्हणून इतक्या वर्षांत कुणाची कुणाशी गाठ पडली नव्हती. ज्याला त्याला वाटत होतं, डोह आपला एकट्याचा.

"आमाला फसीवलं," न्हावी म्हणाला.

"बनवलं आपल्याला," मास्तर म्हणाले.

सुभेदाराने मिशीला पीळ दिला. "मग आता वार कशाला पाळायचा? पाटं जो आदी जाईल त्येचा डोह. हुकूम संपला."

हे ऐकून मात्र ज्याने त्याने दुसऱ्याकडे तिरक्या नजरेने बघितलं. प्रत्येकजण मनात हिशेब करतोय हे मला दिसत होतं. उद्या मी नाही गेलो तर हा जाईल. मग मीच का नको? आणि तव्यापुरतं तरी कशाला? माझ्याही मनात तेच आलं. आठ दिवसांत डोहात फक्त बाभळीच्या फांद्या उरल्या असत्या.

तेवढ्यात आत्ती आली. डोक्यावर गाठोडं. अंगणातली गर्दी बघून दारातच थबकली. "कोन गेलं रं?"

"आमचा इस्वास गेला," सुभेदार म्हणाला, आणि सगळेच एकदम बोलू लागले.

तिने गाठोडं उतरवलं, पाय धुतले, पाणी प्याली, सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग उंबऱ्यावर बसली.

"झालं बोलून? आता मला सांगा. मासं कमी झालं का कवा?"

न्हाव्याने नाही म्हणून मान हलवली.

"लेकुरवाळी कुनी मारली का?"

"छ्या!" सुईण म्हणाली. "आपल्या डोहातली कोन मारंल?"

"आपल्या," आत्ती म्हणाली. "आपला वाटला, म्हनून जपलासा. पयल्याच दिवशी समद्यास्नी पारावर बलवून सांगितलं असतं, तर काय केलं असतंसा? ह्यो सुभेदार आत्ता बोलला न्हाई का, पाटं जाईल त्येचा! म्हनून कानात सांगितलं. एकेकाला. आता जावा, काय करायचं ते करा. मी काय काठी घिऊन बसनार हाय व्हय तिथं?"

मास्तर इतका वेळ बोटांवर काहीतरी जुळवत होते. "पण आत्ती, वार जुळत नाहीत. गुरुवारी तुम्ही स्वतः बसता. त्या दिवशी तिकडे फिरकू नका असं आम्हाला सांगितलंत. मग या मुलाकडे बांगडी कशी?"

"बेस्तरवार माझा हाय," मी म्हणालो. "आत्ती म्हनल्या, त्येंचं गुडघं गेलं, उतरन झेपत न्हाई."

सगळ्यांनी आत्तीच्या गुडघ्यांकडे बघितलं. शेजारच्या गावाहून ती त्याच गुडघ्यांवर, डोक्यावर गाठोडं घेऊन चालत आली होती. तिने लुगडं पायांवर ओढून घेतलं.

"काय बगतायसा? दुकत्यात."

भिंतीला टेकून बसलेले आबा तेव्हा पहिल्यांदा बोलले. परके, म्हणून हळू बोलले.

"अक्का, आमच्याकडं हिरीला पाळी असती. उनाळ्यात हीर तळाला गेली की ज्येच्या त्येच्या पाळीला ज्येनं त्येनं शेंदायचं. भाव भावाला आपली पाळी देत न्हाई. बाप पोटच्या पोराला देत न्हाई." ते थांबले. "तुमी माझ्या पोराला दिली."

आत्ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मी तिला असं पहिल्यांदाच बघत होतो. "त्येला दुसऱ्या दिवशी सुट्टी नसती," ती कशीबशी म्हणाली. "मग काय करनार?"

आबा उठले, खोलीत गेले, आणि सकाळपासून बांधून ठेवलेलं माझं बोचकं सोडून एकेक कपडा खुंटीला लावायला लागले.

सुभेदाराची धमकी मात्र माझ्या डोक्यातून जाईना. पहाटे डोह लुटला जातोय का बघायला मी बाभळीतून खाली सरकलो. उसात कुणीतरी खोकलं. त्या दिवसांत, बेचाळीसचे भूमिगत रानोमाळ फिरत असताना, उसात लपलेला माणूस दिसला तर कुणी त्याला नाव विचारत नसे, म्हणून मी तोंड फिरवलं. पण तो न्हावी होता. करंजाच्या बुंध्यामागे मास्तरांचं धोतर दिसत होतं. खडकाआड सुईण, आणि तिच्यापलीकडे टपालाची पिशवी घेतलेला पोस्टमन. गळ एकाच्याही हातात नाही! जो तो दुसऱ्याला चोरी करताना पकडायला आलेला.

डोहावर एकटा सुभेदार बसला होता, ताठ. मान न वळवता म्हणाला, "समदं दिसताय मला. मंगळवार हाय आज. घरी जावा."

ही हकीकत ऐकून आत्तीने डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसून घेतलं. "बरं झालं बाई. राखन बी आपुआप लागली."

दोन दिवसांनी आबा एकटेच परत गेले. जाताना म्हणाले, "तुज्या आईला सांगतो, पोरगं बांगड्या घेऊन हिंडतंय, पन बरं हाय."

मी आत्तीला तिचा वार परत देऊ केला. तिने घेतला नाही. "दिलं ते दिलं. मी आपली शिव्या द्यायला येत जाईन." मग दर गुरुवारी ती दगडावर बसायची आणि माझ्या गळ टाकण्याला नावं ठेवायची. "म्हशीला दावं टाकतूस का रं?" थोड्या वेळाने मी म्हणायचो, "आत्ती, काठी जरा धरा, इंजिनाचा पट्टा बघून येतो." इंजिन त्या दिवशी बंद असतं हे तिला माहीत होतं. ती निमूट काठी घ्यायची. मी वर बाभळीखाली बसून राहायचो, आणि खालून तिचा आवाज यायचा, "जा बाबा, आईला सांग."

पुढे लढाई संपली, आणि मला फार लांब, ज्या मुलखात आपली भाषाही कुणी बोलत नाही, अशा ठिकाणच्या गिरणीत इंजिनावर काम लागलं. आजही मी तिथेच आहे. निघण्याच्या आदल्या दिवशी गुरुवार होता. आम्ही डोहावर गेलो. मी गळ टाकलाच नाही.

"तू चाललास," आत्ती म्हणाली. "वार मोकळा ठिवायचा नसतो. बेस्तरवार कुनाला देतूस?"

"कान हिकडं करा," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे बघितलं. मग पदर सावरला, मान वाकवली आणि कान पुढे केला. मी तिच्या कानात सगळं सांगितलं, तिच्याच शब्दांत, एकही गाळला नाही. ह्यो डोह तुला दिला. बेस्तरवारीच यायचं. बांगडीतनं जाईल त्येला जाऊ द्यायचं. लेकुरवाळीला हात लावायचा न्हाई. तव्यावर मावंल तेवढंच. इतकी वर्षं मी तिला तुमी म्हणत आलो होतो, आणि शेवटी म्हणालो, "आन कुनाला सांगू नगंस."

आत्तीने सगळं नीट ऐकून घेतलं. पदराने तोंड पुसलं. डोहाकडे आज पहिल्यांदाच बघत असल्यासारखं बघितलं, आणि विचारलं,

"मासं तरी हायत का रं हितं?"